अर्ध्या मिठाचं आगळ

किशोरीचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मालवणातल्या तीन दुकानांत आणि कुडाळातल्या दोन दुकानांत ठेवलं जायचं, पण ते सहजासहजी जमलेलं नव्हतं. धामापूरला तिच्या सासरी मागच्या दारी रातांब्यांची, कोकमाची, अकरा झाडं. ती लग्न होऊन आली तेव्हा निम्मी फळं झाडाखालीच कुजून जायची. सासू राधाबाई घरापुरती आमसुलाची सोलं सुकवायची, तेवढंच. आगळ करून विकायचं किशोरीच्या डोक्यात आलं, आणि ते बाटलीत उतरायला चार उन्हाळे गेले.

पहिल्या उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्या एका बाईंनी आगळ खारट आहे म्हटलं, म्हणून हिने मीठ निम्म्यावर आणलं. रस बाटलीत आंबला, फुगला, आणि बाराव्या दिवशी पडवीत बाटल्या फुटायला लागल्या. चाळीसातल्या एकतीस गेल्या. भिंतीवर लाल ओघळ आले ते पुढे चुना मारला तरी दिसत राहिले. दुसऱ्या उन्हाळ्यात रस अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात ठेवला, तर टोपाला बारीक भोकं पडली आणि रस जिभेवर ठेववेना. तिसऱ्या वर्षी पावसात भिजलेली फळं न सुकवता फोडली, वर बुरशीची साय धरली. दर वेळी किशोरी सगळं केळींच्या बुंध्याशी नेऊन ओतायची आणि राधाबाई दारात उभी राहून बघायची. असले धंदे आमच्या घरात कोणी केले नव्हते, असं ती शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायची. नवरा महादू कुडाळच्या कारखान्यात कामाला. तो दोघींच्या मधे पडायचा नाही.

चौथ्या वर्षी आगळ साधलं. मग घरात सगळ्यांनाच ते आवडायला लागलं.

महादूची बहीण अनुजा तारकर्लीला दिलेली. तिच्या घराच्या मागे पर्यटकांसाठी चार खोल्या होत्या. आगळाचं नाव झाल्यावर ती लागोपाठ दोन वर्षं मे महिन्यात माहेरी येऊन राहिली. वहिनीबरोबर बसून रातांबे फोडायची, बरणी ढवळायची, वहीत काय काय लिहून घ्यायची. किशोरीने काही लपवलं नाही. घरचीच मुलगी, तिच्यापासून काय लपवायचं? फक्त पहिल्या तीन उन्हाळ्यांबद्दल ती कधी बोलली नाही. ते बोलायला तिला लाज वाटायची.

तिसऱ्या वर्षी अनुजा आली नाही. तिने तारकर्लीला स्वतःचं आगळ सुरू केलं. त्याचंही किशोरीला एवढं वाटलं नसतं. पण बाटलीवरचं लेबल तेच होतं. तेच हिरवं पान, तेच तीन रातांबे, आणि खाली 'धामापूरचं घरगुती आगळ'. कुडाळच्या छापखान्यात जाऊन तिने वहिनीचंच लेबल आणखी पाचशे छापून घेतलं होतं. किशोरीने फोन करून विचारलं तर ती हसली. माझंही माहेर धामापूरच ना, म्हणाली.

हेही किशोरीने गिळलं असतं. पण फेब्रुवारीत कुडाळला बचत गटांचं प्रदर्शन भरलं. तिथे अनुजाच्या हातात माईक दिला गेला आणि ती एकदम पुस्तकी मराठीत बोलायला लागली, "ही आमच्या आईची पारंपरिक पद्धत आहे. माझ्या वहिनीलाही मीच शिकवली." समोरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत राधाबाई बसली होती, तिनेही वाजवल्या. किशोरी आपल्या टेबलामागे उभी होती. ओळखीच्या दोघीतिघींनी वळून तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिला हातातली आपलीच बाटली कुठे ठेवावी कळेना.

घरी आल्यावर महादू म्हणाला, घरातलीच आहे, सोडून दे. राधाबाईने मात्र लेकीची बाजू घेत स्वच्छ विचारलं, "माझ्या चेडवाचां बरां झालां तर तुझ्या पोटात कित्याक दुखता?"

किशोरीने बाटल्यांचं खोकं उचलून आत नेलं. पण त्या दिवसापासून ती रोज काम करताना अनुजाशी मनातल्या मनात भांडायची. भात वैरताना, काजू वेचताना, तळ्यावरच्या भगवतीला गेली तर देवळाच्या पायरीवरसुद्धा. देवीकडे काय मागायचं ते तिला कळत होतं, फक्त मोठ्याने मागायचं धाडस होत नव्हतं.

मे लागला आणि अनुजाचा फोन आला. काही घडलंच नाही अशा गोड आवाजात तिने घरच्यांची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आली.

"वयनी, पुण्याची गिरायकां म्हणतत आगळ खारट लागता. मीठ कमी केलां तर चलात मां?"

किशोरी अंगणात रातांबे फोडत बसली होती. कोपरापर्यंत हात लाल झालेले. समोर परातीत जाडं मीठ. 'नको, बाटल्या फुटतील' एवढंच सांगायचं होतं. ते शब्द तिच्या ओठांवर आलेसुद्धा. मग तिला टाळ्या ऐकू आल्या.

"चलात," ती म्हणाली. "मीठ अर्धांच घाल. काय होवचा नाय."

"खरां मां?"

"माका विचारतंस तर खरांच सांगतलंय मां? आणि बाटल्यो तोंडापर्यंत भर. झाकणां घट्ट लाव. आत वारो रवाक नको."

"तू आसंस म्हणान बरां गो वयनी," अनुजा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

किशोरीने परत सुरी हातात घेतली. पुढचा रातांबा फोडला. बाटल्या कधी भरणार ते तिने दोन दिवसांनी सासूकडून अलगद काढून घेतलं, आणि त्या भरल्याच्या दिवसापासून बोटांवर मोजायला लागली. मधल्या दिवसांत कधी जीव कासावीस झाला तर ती पडवीत जाऊन भिंतीवरचे जुने ओघळ बघायची आणि मन पुन्हा घट्ट करायची. बाराव्या दिवशी तिने एक कापा फणस पिशवीत घातला, नणंदेला देऊन येते म्हणाली आणि एसटीत बसली.

तारकर्लीला पोचली तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होती. माडांखालच्या मांडवात सहा पाहुणे मासे जेवत होते. मागच्या फळीवर साठेक बाटल्या ओळीने मांडलेल्या, उन्हात माणकांसारख्या चमकत होत्या. किशोरीने पाहिलं, रस थेट झाकणाला भिडला होता आणि झाकणांच्या कडेला बारीक फेस आला होता. अनुजाने तिला खुर्ची दिली, चहा आणला. पाहुण्यांना ओळख करून देताना ही माझी वहिनी, आमच्या धंद्याला हिचीही मदत असते, असं म्हणाली.

किशोरीचा चहा अर्धा झाला आणि पहिलं झाकण उडालं. पाहुणे हसले. दुसरी बाटली मात्र काचेसकट फुटली. पाठोपाठ तीन. पांढरा सदरा घातलेल्या एका गृहस्थांच्या पाठीवर लाल फवारा बसला, बायका ताटं टाकून उठल्या. अनुजा धावत गेली आणि बाटल्या खाली उतरवायला लागली. एक तिच्या मुठीतच फुटली.

तेव्हा मात्र किशोरी उठली. एवढं तिने धरलं नव्हतं. तिने अनुजाला ओढून बाजूला घेतलं, खांबावरचा पंचा तिच्या तळहाताला गच्च गुंडाळला. आगळ कुठलं आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. जखमेत मीठ जाऊन अनुजा कळवळत होती. मग एकाएकी ती वहिनीच्या तोंडाकडे बघत राहिली. मागे अजून बाटल्या फुटत होत्या आणि किशोरी एकदाही दचकली नव्हती.

"तुका ठावक होतां," अनुजा म्हणाली.

"होतां," किशोरी म्हणाली. "माका पयल्या वर्साक कळलां. तुका आज."

मालवणच्या डॉक्टरांनी पाच टाके घातले. परतताना एसटीत किशोरी वाट बघत होती, की आता वाईट वाटेल. वाटलं नाही. हात कापायला नको होता, एवढं ती मनाशी कबूल करत होती. पण कबूल करून झाल्यावर पुन्हा तिच्या डोळ्यांपुढे तो मांडव यायचा, आणि जिवाला गार वाटायचं. घरी गेल्यावर ती पोटभर जेवली. राधाबाईने त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. त्याचंही तिला ओझं झालं नाही.

ओझं झालं ते पुढच्या आठवड्यात. अनुजाच्या बाटल्या मालवणच्या एका दुकानातही होत्या, आणि त्याही फुटल्या होत्या. लेबल एकच. दुकानदाराला दोन धामापूर कुठे ठाऊक? त्याने किशोरीच्याही बाटल्या खोक्यात भरून परत पाठवल्या, आणि बाकीच्या चौघांनी त्याचं बघून तेच केलं. ज्या रागात तिने अनुजाला सल्ला दिला होता, त्या रागात लेबलाची गोष्ट ती साफ विसरली होती. मग तिला दारोदार जावं लागलं. प्रत्येक दुकानात समोर बाटली उघडायची, पाण्यात घालून स्वतः प्यायची, दुकानदाराला प्यायला लावायचं. तिघांनी पुन्हा माल ठेवला. दोघांनी हात जोडले. नवं लेबल करताना तिने त्यावर स्वतःचं पूर्ण नाव घातलं, जे पहिल्याच दिवशी घालायला हवं होतं.

अनुजा आता बंद करणार, असं तिने धरून ठेवलं होतं. पण पुढच्या जूनमध्ये महादू तारकर्लीहून एक बाटली घेऊन आला. लेबल वेगळं होतं, वर होडी आणि खाली 'तारकर्ली'. किशोरीने झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं. मीठ बरोबर. आंबूसपणा नाही. गळ्याशी दोन बोटं जागा सोडलेली. तिला चार उन्हाळ्यांत जे आलं ते अनुजाला एकात आलं होतं, आणि ते शिकवायला ती स्वतः एसटीत बसून गेली होती.  कुडाळच्या टाळ्यांच्या वेळी आला होता तसाच राग पुन्हा आला.

मग तिने बाटली खिडकीशी नेली. रंग विटकरीकडे झुकला होता. म्हणजे अनुजा अजून बाटल्या उजेडात, त्या मांडवाच्या फळीवरच ठेवत होती. गणपतीपर्यंत सगळा माल तपकिरी होणार आणि कोणी हात लावणार नाही.

"कसां झालां विचारल्यान हा," महादू म्हणाला. "काय सांगू तिका?"

किशोरीने झाकण लावलं. घट्ट लावलं.

"बरां झालां म्हणान सांग," ती म्हणाली, आणि रातांबे फोडायला अंगणात गेली.