ओडुमच्या पानाचा मणी

"हे कुठून आणलंस गं, नार्तेकी?" माकूने विचारलं, तेव्हा तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

भंगारवाल्या नार्तेकीने मणी घडवायला लागणाऱ्या फुटक्या बाटल्यांचं पोतं नुकतंच माकूच्या अंगणात पालथं केलं होतं. काचांच्या ढिगात एक मणी पडला होता. हिरवा, त्यावर ओडुमचं पिवळं पान, आणि पानाचा देठ डावीकडे वाकलेला.

"अगं बाई, मला काय ठाऊक! आक्राच्या उकिरड्यावरची काच, दहा हातांतून येते. का गं?"

माकूने मणी उचलून पदराने पुसला. दारातल्या ओडुमच्या झाडाची पानं पाहून पाहून तिने लेकीसाठी, कोर्योसाठी, कमरेची माळ घडवली होती. एकाच मण्यात काचेची पूड भरताना हात हलला आणि देठ वाकला. "हाच माझा!" म्हणून कोर्यो अंगणभर नाचली होती. चौदा वर्षांपूर्वी ती कामासाठी आक्रा शहरात गेली, ती गेलीच. तेव्हापासून ओडुम सळसळला की लेकीचीच हाक वाटून माकूच्या तोंडून 'ओ' निघून जायची. त्या झाडाच्या हाकेला ओ देऊ नये, असं सगळं गाव म्हणे. म्हणेना का! आईचं तोंड कोण धरणार?

तिच्या नवऱ्याने, तेयेने, मणी घेऊन भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. नव्या मण्याची कड बोटाला टोचते. ही झिजून गुळगुळीत झाली होती.

"खूप वर्षं घातलाय पोरीने," तो म्हणाला. मग मणी तिच्या हातात परत देत, "कोर्योची आई, आपल्या बायका ही माळ जिवंतपणी सोडत नाहीत. माती देऊ या आता."

"एका मण्याला माती? माझी पोर काय एवढीशी होती?"

"चौदा वर्षं मला रडायचीही चोरी झालीय गं. एकदा रडू दे की!"

तिला त्याचा संताप आला आणि त्याची कीवही आली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच भट्टीपाशी बसली. साच्यात हिरव्या काचेची पूड भरली, पिवळ्या पुडीने पान काढलं, मधोमध कसाव्याच्या पानाची काडी उभी केली. भट्टीत काडी जळून जाते, तिच्या जागी भोक राहतं. पानाचा देठ तिने या वेळी मुद्दाम वाकवला.

शनिवारी भाऊबंद जमले, शोकाची लाल-काळी वस्त्रं नेसून. तेयेने ओडुमखाली वीतभर खड्डा खणला आणि हात पुढे केला. माकूने मणी दिला.

सवयीने त्याचं बोट भोकावरून फिरलं. कड टोचली. त्याने वर पाहिलं. माकूची मूठ कमरेवर होती, वस्त्राच्या आतलं काहीतरी घट्ट धरून.

"काय झालं रे?" थोरल्या भावाने विचारलं.

"काही नाही, दादा." तेयेने मणी खड्ड्यात ठेवला, माती लोटली, आणि चौदा वर्षांचं सगळं रडून घेतलं.

तेवढ्यात ओडुम सळसळला. माकूने ओठ घट्ट मिटले. चार माणसांत शोभा नको.

शेजारून, अगदी हळू, तेयेने 'ओ' दिली.