सासऱ्यांची चार बोटं

आमच्याकडे जाळ्याचं भोक चार बोटांचं असतं. पण कुणाच्या बोटांचं, हे मला नव्या सुनेला कोणी सांगितलंच नाही. मी विणलेल्या जाळ्यात माशांची पिल्लंच अडकली. सासऱ्यांनी ती होडीतूनच सोडून दिली आणि घरी येऊन मला झापलं, "आज पिल्लं खाल्ली, तर उद्या काय धरायचं, पाणी?"

माझी बोटं बारीक, हा काय माझा गुन्हा?

दुपारी ते ओट्यावर झोपले. मी फणफणतच दोरा घेतला आणि त्यांच्या जाडजूड बोटांवर मापून नवं जाळं विणायला बसले. घोरतंय कोण, सासरे की समुद्र, तेच कळेना. मध्येच त्यांची बोटं हलली, जणू त्यांतून काहीतरी निसटलं. झोपेतच ते हसले, "सावकाश रे. मोठे होऊन या."