बाबांनी वाढवलेलं एक वर्ष

ठिणगीचे जन्म दोन. एक आईच्या पोटी, दुसरा शाळेच्या दाखल्यावर, तोही वर्षभर आधीचा. तिकडे गावी असताना आई-बाबा दोघंही कामाला जायचे, पोरीकडे बघायला कुणी नाही, आणि शाळा म्हणे एवढीशी पोर आम्ही घेत नाही. बाबांनी सरळ एक वर्ष वाढवून सांगितलं. "एका वर्षानं काय आभाळ कोसळतंय?"

कोसळलं, पण सावकाश. या देशात येताना पासपोर्टावर तेच वय चढलं.

इथला नियम सोपा होता. बाप नागरिक झाला की त्याच्याजवळ राहणारी, अठराच्या आतली पोरंही त्याच्याबरोबर नागरिक. बाबांचा अर्ज शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचला तेव्हा धाकटा शाळेत होता, त्याची काळजीच नव्हती. ठिणगी खरी सतराची. कागदावर नुकतीच अठरा ओलांडलेली.

शाळा सोडून ती बाबांबरोबर सोफे दुरुस्तीच्या कारखान्यात जायची. जुनं कापड उसवायचं, पिना उपटायच्या. 'ठिणगी' हे नाव तिथल्या मराठी मालकानंच ठेवलेलं. हात चालायचा तशीच जीभ.

"ज्या शाळेसाठी मला मोठी केलीत ती शाळा कधीच सुटली, बाबा. तुमचं वर्ष तेवढं चिकटून बसलंय."

बाबा स्पंज कापत राहायचे. घरी आई म्हणायची, "किती टोचशील गं बापाला? तो काय सोफा आहे?"

"मग मी काय करू? टाळ्या वाजवू?"

फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाई होत्या. त्या म्हणाल्या, "वय सुधारता येईल. पण खोटं वय लिहून दिलं हे वडिलांना कबूल करावं लागेल. मग त्यांचा सगळा अर्ज पुन्हा तपासतील. नामंजूरही करतील. आणि ते अडकले की धाकटाही अडकला."

बाबा उठताना एवढंच म्हणाले, "मी सांगतो. माझं पाप, मीच फेडीन."

मुलाखतीच्या सकाळी त्यांनी गुळगुळीत दाढी केली, तरी नखांत सोफ्याचा डिंक होताच. इथली भाषा त्यांना बाजारापुरती यायची. दुभाषा घरचा चालत होता, म्हणून ठिणगी बरोबर. धाकटा बाकावर पाय हलवत बसला होता. "ताई, आज झालं की आपण सगळे इथलेच ना?"

"गप बस. पाय हलवू नकोस."

आतल्या अधिकारी बाई थकलेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "अर्जात दिलेली सगळी माहिती खरी आहे?"

ठिणगीनं ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांना सांग, हिचं वय मी खोटं लिहिलं. पोरीचा काही दोष नाही. शिक्षा काय ती मला द्या."

ठिणगी बाबांकडे बघत राहिली. इतके दिवस तिला हेच तर ऐकायचं होतं. आणि आता ते मान खाली घालून नखांतला डिंक खरवडत होते. काचेपलीकडे धाकटा पाय दाबून धरून बसला होता.

ती बाईंकडे वळली. "बाबा म्हणतात, हो. सगळं खरं आहे."

एवढं कळायला बाजारापुरती भाषाही पुरली. बाबांनी दचकून तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. तिनं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. बाईंनी शिक्का मारला.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "मी काय सांगितलं आणि तू काय सांगितलंस?"

"दुभाषा फुकटचा होता. चुकायचंच."

कुणी हसलं नाही. तिला वाटलं, आत्ता म्हणावं, इतके दिवस बोलले ते मनावर घेऊ नका. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण धाकटा मध्ये घुसला, "झालं? झालं?" आणि ते राहूनच गेलं.

बाबांची शपथ झाली, ते आणि धाकटा नागरिक झाले. आई आपल्या वेगळ्या अर्जासाठी इथली भाषा शिकू लागली. ठिणगीला आता स्वतःच्या नावानं राहायचा परवाना वाढवून घ्यायचा होता. बाबा कारखान्यात खाडा करून तिच्याबरोबर आले. कचेरीच्या दाराशी दोन रांगा होत्या. पहारेकऱ्यानं बाबांचं नवं कार्ड पाहिलं आणि बोट दाखवलं. "नागरिक तिकडून."

"मुलगी आहे," बाबा म्हणाले. तेवढं त्यांना येत होतं.

"तिची रांग ही. तुम्ही तिकडे."

बाबा तिकडे गेले नाहीत. पहारेकरी त्यांना इकडे येऊ देईना. दोन रांगांमधल्या दोरीला धरून ते उभे राहिले, आणि मागची माणसं चुळबुळायला लागली.

"जा ना बाबा," ठिणगी खेकसली. "लोक बघतायत."

ते गेले. रांग पुढे सरकली, आणि तीही सरकली. बाबांनी वळून पाहिलं असतं, तर तिनं हात केला असता.