आवाज कुठे बदलला

उस्तादांनी साबणाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश सिलिंडरच्या बुडाशी फिरवला आणि चष्मा कपाळावर सरकवून नाक अगदी सांध्याला टेकवलं. बुडबुडा म्हणून नाही. इंजिनाची दोन्ही तोंडं लांब रबरी बुचांनी बंद करून आत हवा भरली होती आणि दाब दाखवणारा काटा ढिम्म होता.

"कुठूनच गळत नाही," ते म्हणाले.

पलीकडे त्यांची सून उकिडवी बसली होती. तिचा हात खांद्याच्या हाडाशी गेला. मागच्या शर्यतीत भर चढावर हेच इंजिन जाम झालं होतं आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली होती. हाड सांधलं, नवा पिस्टन उस्तादांनी स्वतः बसवला, पण कारण काही हाती लागलं नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिनाला तेलही पेट्रोलातूनच मिळतं. कुठून तरी चोरून हवा आत शिरली की दोन्ही कमी पडतात आणि मग ते तापून असं आवळतं. रविवारी पुन्हा शर्यत होती. गळती सापडो न सापडो, ही बया उतरणारच, हे सासऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या काळजीने त्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं.

थंड असताना नसेल गळत, ती म्हणाली. गरम करून बघू, चालू इंजिनावर. तुम्ही ऐका.

उस्तादांचा ब्रश वाडग्यातच थांबला. रीत सोपी होती. चालू इंजिनाच्या एकेका सांध्यावर क्लीनरचा फवारा मारत जायचं. जिथून हवा शिरते तिथून फवाराही आत ओढला जातो आणि आवाज बदलतो. तो बदल टिपण्यात उस्तादांचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसरे गॅरेजवाले, हात टेकले की, गाडी त्यांच्याकडे ढकलत आणत. पण वर्षभरापासून त्यांना सगळं कापसातून आल्यासारखं ऐकू येत होतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोचं बोलणं त्यांना जन्मात कधी ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे तिला फरक कळायचा प्रश्नच नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. साबणाची तपासणी त्यांना अलीकडे फार आवडू लागली होती, कारण तिला डोळे पुरत.

आता मात्र सुटका नव्हती. इंजिन तापलं. ते एक हात फ्रेमवर ठेवून फवारा मारत गेले. खालच्या जोडावर, बाजूच्या सीलवर, मग कार्बोरेटरला इंजिनाशी जोडणाऱ्या जाड रबरी नळीवर, आधी वरून, मग खालून. पुढे सरकताना त्यांनी वर पाहिलं. सून इंजिनाकडे बघत नव्हती. त्यांच्याकडे बघत होती.

"इथेही नाही," हे शब्द त्यांच्या जिभेवर तयार होते. तेवढ्यात त्यांना तो चढ दिसला, आणि चढावर पडलेली ती. त्यांनी इंजिन बंद केलं.

"बदलला का गं आवाज?"

"हो," ती हळूच म्हणाली. मग लक्षात येऊन जरा मोठ्याने, "हो, बाबा."

"मला नाही ऐकू आला. वर्ष झालं. कान गेले माझे."

तिने अरेरे म्हटलं नाही, डॉक्टरचं नाव काढलं नाही. त्याबद्दल ते तिचे कायमचे ऋणी राहणार होते. फडक्याला हात पुसून तिने पुन्हा किक मारली. तुम्ही फवारा मारा, आवाज बदलला की मी हात वर करते, म्हणाली. नळीच्या खालच्या बाजूला फवारा लागला आणि हात वर गेला. त्यांनी परत मारला, परत गेला. मग अंगातला मेकॅनिक गप्प बसेना, म्हणून त्यांनी भलत्याच ठिकाणी मारून पाहिला. हात खालीच राहिला.

"परीक्षा घेताय होय?" ती हसली.

नळी काढून वाकवली तशी पोटाशी नखाएवढी भेग उघडली. पण मग साबणाला कशी सापडली नाही? उस्तादांनी आपलं बूच उचलून नळीत घातलं आणि कपाळाला हात लावला. दाबाने निसटू नये म्हणून त्यांनी ते मुद्दाम लांब बनवलं होतं. ते बरोबर भेगेपर्यंत जात होतं आणि तिलाच आतून बंद करत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. खरं तर लाज वाटायला हवी होती. पण त्यांना हलकं वाटत होतं.

वाडगा न्यायला आलेल्या बायकोला त्यांनी सांगून टाकलं की आपल्याला नाही, हिला सापडलं.

"बघा, कानामागून आली आणि तिखट झाली," ती सुनेची पाठ थोपटत म्हणाली.

नवी नळी बसली. सुनेने इंजिन चांगलं तापू दिलं, रेस वाढवली आणि सोडून दिली. मग सवयीने उस्तादांकडे पाहिलं. या गॅरेजात शेवटचा शब्द त्यांचाच असे.

"तू सांग," ते म्हणाले.

ती मान कलती करून बराच वेळ ऐकत राहिली. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले.

"आवाज लगेच खाली येतोय. अडकत नाही कुठे."

स्वतः ऐकल्याशिवाय एकही गाडी बाहेर न सोडणारे उस्ताद उठले आणि त्यांनी शटर वर केलं.