आमच्या शेजारची

माझ्या सासूबाई, गोजरबाई, घोडेगावातून आमच्याकडे मंचरला राहायला आल्या त्या २००३ च्या दिवाळीनंतर. एसटीने जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. पण निघताना अख्खी बाजारपेठ त्यांना स्टँडवर पोचवायला आली होती, आणि त्या अशा रडत होत्या की ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "मावशी, बसताय ना?"

घोडेगावच्या पेठेत आमची पिठाची गिरणी होती. सासरे गेल्यावर दोन वर्षं सासूबाईंनी ती एकटीने चालवली. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि आमच्या ह्यांनी, बाळासाहेबांनी, गिरणी दुसऱ्याला चालवायला दिली. तीस वर्षं पट्ट्याच्या घरघरीत बोलून सासूबाईंचा आवाज मोठा झाला होता. दळण घेऊन आलेली बाई पीठ होईपर्यंत बसायची आणि तेवढ्यात तिच्या घरातलं सगळं सासूबाईंना कळायचं. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली. नुसतं ऐकून त्या गप्प बसत नसत. बाळंतिणीच्या घरी पीठ स्वतः नेऊन द्यायच्या. रुसलेल्या सुनेला गिरणीत बोलावून आपल्या डब्यातली भाकरी खाऊ घालायच्या.

मंचरची आमची इमारत हायवेजवळ होती. आधी तिथे कांद्याची शेतं होती, मग प्लॉट पडले आणि चार इमारती उठल्या. आमच्या इमारतीत तीन मजले, बारा घरं. सगळे बाहेरून आलेले. कुणी बँकेतले, कुणी खतांच्या कंपनीतले, कुणी माझ्यासारखे शिक्षक. मी भोसरीत वाढले, त्यामुळे दार लावून राहणं मला नवीन नव्हतं. समोरच्या घरात जया राहायची, तिच्या लहान मुलीबरोबर. चार वर्षांत तिचं माझं बोलणं "पाणी आलं का?" याच्या पुढे गेलं नव्हतं, आणि त्यात काही चुकतंय असंही मला कधी वाटलं नव्हतं.

सासूबाईंनी पहिल्याच सकाळी दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात मेथी निवडायला बसल्या. जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक. "काय भाऊ, निघाला का कामाला?" खालच्या मजल्यावरचे भगवंतराव, रिटायर्ड माणूस, त्यांनी नुसती मान हलवली. वरची बाई हसल्यासारखं करून चटकन उतरून गेली. आठ दिवसांनी सासूबाई मला म्हणाल्या, "अश्विनी, हितं माणसं राहत्यात का नुसती दारं?"

जया एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. सहाला घरी यायची. तिची हर्षाली दुसरीत होती. शाळा सुटली की ती गळ्यातल्या किल्लीने दार उघडायची आणि आई येईपर्यंत आत एकटी बसायची. जानेवारीत एका दुपारी ते कुलूपच अडकलं. सासूबाईंनी बघितलं तर पोर दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली.

संध्याकाळी जया आली. दाराला कुलूप आणि मुलगी कुठे दिसेना. तिचा चेहरा मी विसरणार नाही. ती आमच्या उघड्या दारातून धावत आत आली. हर्षाली दूध-भाकरी कुस्करून खात होती, ओठांना गूळ लागलेला. जयाने तिचा दंड घट्ट पकडला, मग ताटाकडे बघितलं आणि हात सोडला.

"रोज येऊ दे तिला हितं," सासूबाई म्हणाल्या. "दार लावून पोर एकटी आत ठिवायची म्हंजी काय!"

"तुम्हाला त्रास होईल, मावशी."

"त्रास कसला? मलाच दिवस खायाला उठतो."

तेव्हापासून हर्षाली दुपारी आमच्याकडे यायला लागली. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं. शाळेतून घरी यायची मला ओढ लागली. जयाही तिला न्यायला आली की दोन मिनिटं टेकायची. कधी चहा घ्यायची. आणि सासूबाईंचे प्रश्न सुरू व्हायचे.

"माहेर कुठलं गं तुझं?"

"जुन्नरकडचं."

"जुन्नर लई मोठं. गाव कोणतं?"

"आत आहे, पश्चिमेला."

"आन् मालक? ते कुठं असत्यात?"

जयाने हर्षालीचं दप्तर उचललं. "येते, मावशी."

ती गेल्यावर मी म्हणाले, "आई, नका ना विचारू. तिला सांगायचं नसेल."

"मग माणूस कळायचं कसं?" त्यांना खरंच समजत नव्हतं. "न इचारता ऱ्हायला आपण काय वैरी हाय का तिचं?"

मार्चमध्ये घोडेगावला एक लग्न होतं. तिथे सासूबाईंना कोंडाबाई भेटल्या, गिरणीवरची त्यांची जुनी मैत्रीण. त्यांचं माहेर जुन्नरच्या पुढचं. परतताना गाडीत सासूबाई खुशीत होत्या. "कोंडीच्या वळखीतलीच निघाली की जया! तिच्या भावाच्या गावात दिली व्हती. चार वरसं झाली, पोरीला घिऊन निघून आली म्हनं. बघू, आता काय तरी जुळवता यील."

मला ते बरं वाटलं नाही. पण मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि बोलले काहीच नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. जयाच्या दारापुढे तिची सासू, दीर आणि गावाकडचा आणखी एक माणूस उभे होते. दीर दारावर थापा मारत होता. दार साखळीपुरतं उघडं होतं आणि फटीतून जयाचा अर्धा चेहरा दिसत होता.

"पोरगी आमची हाय," सासू म्हणत होती. "ती दे, मग तुला कुठं जायाचं तिकडं जा."

आमचे हे बाजारात गेले होते. सासूबाई लगबगीने बाहेर गेल्या, मी मागोमाग. त्यांना बघून ती बाई हात जोडून म्हणाली, "तुमीच का गोजरबाई? लई उपकार झाले बाई तुमचे. तुमी कोंडाबाईला सांगितलं, म्हणून तर पत्ता लागला."

फटीतला चेहरा आमच्याकडे वळला. सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं.

तेवढ्यात खालून भगवंतराव आले. बनियन-लेंग्यावर, कठडा धरून, एकेक पायरी चढत. "कोण पाहिजे तुम्हाला?"

"आमच्या घरातली गोष्ट हाय, पावणं. तुमी मधी पडू नका."

"असेल घरातली. पण हे दार त्यांचं आहे." आणि ते जाऊन दारासमोर उभे राहिले.

मग एकेक कडी वाजायला लागली. बँकेतले एक जण गालाला साबण लागलेला तसेच बाहेर आले. वरची ती चटकन उतरून जाणारी बाई कडेवर मूल घेऊन आली. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं, ज्यांचं नावही मला माहीत नव्हतं, ते अर्ध्या जिन्यात येऊन थांबलं. कुणी जयाला काही विचारलं नाही. खरं कुणाचं, खोटं कुणाचं, हेही नाही. नुसते उभे राहिले. जिन्यात जागा उरली नाही.

सासूबाई पुढे झाल्या आणि भगवंतरावांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "चूक माझी झाली," त्या जयाच्या सासूला म्हणाल्या, अगदी हळू. "पोरीबद्दल तुमचं काय म्हणणं आसंल ते कोर्टात सांगा. आता जावा."

ते लोक बरंच बोलले, पण गेले. मग जिना मोकळा झाला. भगवंतराव बंद दाराकडे तोंड करून म्हणाले, "मी खाली आहे," आणि उतरून गेले. बाकीची दारंही लागली. सासूबाई तिथेच उभ्या होत्या.

"कुणी कायबी इचारलं न्हाई गं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्या जयाकडे गेल्या. मी बरोबर होते. जयाने दार उघडलं, पण या म्हणाली नाही. रडून तिचे डोळे सुजले होते, आवाज मात्र शांत होता.

"मावशी, मी पहिल्यांदा सासर सोडून माहेरी गेले होते, तेव्हा रोज दहा बायका बघायला यायच्या. सगळ्या मायेच्या. कुणी केसांना तेल लावायची, कुणी माझ्याबरोबर रडायची. दंडावरचे वळ सगळ्यांनी बघितले. आणि उठताना प्रत्येक जण म्हणायची, आता नांदायला जा. दोन वेळा गेले मी, त्यांचं ऐकून. इथे आले, कारण इथे मला कुणी काही विचारलं नाही."

सासूबाईंनी तिच्या हाताला हात लावायचा प्रयत्न केला. तिने तो मागे घेतला आणि दार लावलं. आपटलं नाही, सावकाश लावलं.

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हर्षाली खाली भगवंतरावांच्या बायकोकडे थांबायला लागली. सासूबाई दुपारी उंबऱ्यात बसायच्या, पण कुणाला हाक मारायच्या नाहीत. हर्षाली शाळेतून आली की आमच्या मजल्याकडे मान वर करून बघायची आणि खालच्या घरात शिरायची.

"आई, कोंडाबाईंना तरी बोला," मी एकदा म्हणाले.

"तिला काय बोलू? मी इचारलं, तिनं सांगितलं. गिरणीवर आमी दोघी हेच करत आलो." त्यांनी पदराचं टोक पिळलं. "अश्विनी, तिकडं पण कुणाला आसं झालं आसंल का गं माझ्यामुळं? मला कधी कुणी बोललं न्हाई."



सासरच्यांनी मुलीला नेऊ नये असा मनाई हुकूम मिळावा म्हणून जयाने घोडेगावच्या कोर्टात अर्ज केल्याचं भगवंतरावांकडून कळलं. तारीख एप्रिलच्या शेवटी होती. सासरची माणसं गाडी भरून येणार अशी कुणकुण होती, आणि तिच्याबरोबर जाणार असलेल्या भगवंतरावांचं नेमकं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं.

सासूबाई आदल्या संध्याकाळी समोर गेल्या आणि दोन पावलं अलीकडेच थांबल्या. "मी संग येऊ का उद्या? नको म्हणलीस तर न्हाई यायची."

जया चौकटीला धरून उभी राहिली. मग ती म्हणाली, "साडेआठची गाडी आहे."

मीही रजा काढली. आम्ही तिघी घोडेगावला उतरलो. स्टँडपासून कोर्ट दहा मिनिटांवर, पण सासूबाईंबरोबर ते अंतर कधी दहा मिनिटांत होत नाही. दर दुकानातून हाक. "गोजरमावशी! कवा आलात?" "गुडघं कसं हायती?" आणि मग जयाकडे बघून, "ही कोण? कोर्टाकडं काय काम काढलं?"

"आमच्या शेजारची हाय," सासूबाई म्हणायच्या.

"व्हय, पण कुणाची? कुठली?"

"शेजारची," त्या पुन्हा म्हणायच्या आणि चालायला लागायच्या. त्यांना ते किती जड जात होतं ते मला दिसत होतं. आयुष्यभर ज्यांना सगळं सांगितलं त्या माणसांपुढे त्या ओठ मिटून घेत होत्या. जया खाली बघून चालत होती. तिसऱ्या की चौथ्या दुकानानंतर तिने मान वर केली.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली आम्ही बसलो. बातमी लागून कोंडाबाई आल्याच. "आगं, हीच ना ती, माझ्या भावाच्या..."

सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "कोंडे, आज कायबी इचारायचं न्हाई. बसायचं आसंल तर बस."

कोंडाबाईंना राग आला असावा. त्यांनी एकदा सासूबाईंकडे बघितलं, एकदा जयाकडे, आणि मग चप्पल काढून बसल्या. थोड्या वेळाने चहावाल्या सोमाजीने न सांगता चार कप पाठवले. दुपारी गिरणीशेजारच्या कुशाबाई भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून घेऊन आल्या. आणखी दोघी-तिघी आल्या. जयाच्या भोवती बायकांचं रिंगणच झालं. बोलणं चाललं होतं आपापल्या गुडघ्यांचं, यंदाच्या पाणीटंचाईचं, कुणाच्या तरी जावयाच्या मोटारसायकलचं. जयाला सगळ्या एवढंच म्हणत होत्या, "घे गं, अजून अर्धी घे." तिने अर्धी घेतली. तिला इतकं जेवताना मी कधी बघितलं नव्हतं.

सासरची माणसं आली, सहा जण होते. ते फाटकाशीच उभे राहिले. कोंडाबाई उठून त्यांच्याकडे गेल्या, काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तिकडंच थांबतील त्ये."

त्या दिवशी तात्पुरता हुकूम जयाच्या बाजूने झाला. पुढे वर्षभर तारखा चालल्या, जयाचा नवरा मात्र एकदाही आला नाही. शेवटी मुलगी आईकडेच राहील आणि आजीला सुट्टीत येऊन भेटता येईल असं ठरलं. ती म्हातारी पुढे दोन-तीनदा आली. नातीसाठी शेंगा आणायची. ती आली की सासूबाई चहा करून समोर पाठवायच्या, स्वतः जायच्या नाहीत.

पण मला आठवतो तो पहिल्या तारखेचा दिवस. परतीच्या गाडीत गर्दी होती. जया आणि सासूबाईंना एका बाकावर जागा मिळाली, मी शेजारी दांडा धरून उभी. गाव मागे पडलं, उसाची शेतं लागली, आणि जया आपणहून बोलायला लागली. लग्न कसं ठरलं तिथपासून. सासूबाई खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या, मधूनच "हं" म्हणत होत्या. एकदाही त्यांनी "मग?" म्हटलं नाही. जया काय काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. ती थांबायची तेव्हा सासूबाईंचं "हं"ही थांबायचं, आणि मंचर येईपर्यंत त्यांचा हात तिच्या हातात होता.