ढिल्या तारा

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारीच वर्कशॉप सुटलं, तरी धाकटी घरी गेली नाही. टेबलावर दोन इंजिनं शेजारी शेजारी ठेवून ती कधी याच्याकडे तर कधी त्याच्याकडे बघत बसली. मध्येच उठून हात धुऊन आली. धुतलेले हात पुन्हा तेलात घातले, पुन्हा उठली. मागवलेल्या चहावर साय धरली होती.

डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या या वर्कशॉपात तिला बावीस वर्षं झाली होती. डोळ्याला न दिसणारी फट हिच्या बोटाला कळते, असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. त्या बोटांमुळेच ती थोरल्या भावाची, दादाची, मेकॅनिक झाली होती. दादाचा छंद जगावेगळा. हातभर रुंदीची विमानं तो उडवायचा, तीही दोन लांब पोलादी तारांना बांधून. तारांची टोकं त्याच्या मुठीतल्या हँडलला. विमान त्याच्याभोवती गरगर फिरायचं आणि मनगट हललं की वरखाली व्हायचं. त्याच वर्तुळात, त्याच्या शेजारी उभ्या दुसऱ्या गड्याचं विमान असायचं. दोघांच्या शेपटांना कागदाची एकेक लांब फीत. चार मिनिटांत जो समोरच्याच्या फितीचे जास्त तुकडे पाडेल, तो जिंकला. दोनदा हरलात की चालू लागा.

जुन्या इंजिनाला दादा म्हातारी म्हणायचा. काळवंडलेलं, पण पहिल्या झटक्याला सुरू होणारं आणि सुरू झालं की एका सुरात चालणारं. दहा फेऱ्यांना सव्वीस सेकंद. नवं इंजिन चकचकीत आणि नखरेल. इंधन सोडणारी सुई पाव फेरा जास्त उघडली तर बुडबुड करायचं, कमी उघडली तर तापून गप्प व्हायचं. पण मर्जी राखली तर त्याच दहा फेऱ्या बावीस सेकंदांत.

दादाचा निकाल केव्हाच लागला होता. "नवंच लाव. उद्या त्या बेकरीवाल्याच्या विमानामागे लागायचं तर म्हातारीला धाप लागेल."

धाकटीच्या जिवाला घोर लागला होता तो वहिनीमुळे. मंगळवारी वहिनी घाईघाईने आली आणि उंबऱ्यावर उभ्या उभ्याच म्हणाली, "वन्सं, परवा हे जिन्यात भिंत धरून उभे राहिले. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले. मी सांगितलं असं कळू देऊ नका हं."

तेव्हापासून धाकटीला जिकडेतिकडे तेच दिसत होतं. अठ्ठावन्न वर्षांचा दादा वर्तुळाच्या मध्यभागी, तासाला दीडशे किलोमीटर वेगाने फिरणारं विमान, आणि त्याचे लटपटणारे पाय. विचारावं त्याला? तिने फोन उचलला, ठेवला, परत उचलला. पण दादाला विचारायचं म्हणजे तो हसण्यावारी नेणार, शिवाय वहिनीचं नाव फुटणार. म्हातारी लावावी, तर आवाजावरूनच तो ओळखेल.

शेवटी ती लेथपाशी गेली.

इंजिन जितकी हवा ओढेल तितका त्याला जोर. नव्या इंजिनाचं हवा ओढायचं तोंड चार मिलिमीटरचं होतं. तिने अ‍ॅल्युमिनियमचा एक इवलासा बुश, म्हणजे नळीसारखं कडं, कातला, आतून सव्वातीनचा, आणि अंगठ्याने दाबून त्या तोंडात बसवला. बाकावर इंजिन चालवून सुई थोडी मिटली. आवाज जरासा खाली आला. पंचवीस सेकंद लागतील, फार तर साडेचोवीस. दादाला सांभाळता येईल. आपल्याशिवाय हे कुणाला कळणार नाही, असं तिने स्वतःला बजावलं आणि दिवा बंद करून निघाली. कोपऱ्यावर पोचल्यावर दिवा खरंच बंद केला का, हे बघायला परत आली.

सकाळी मैदानावर इंधनातल्या एरंडेल तेलाच्या धुराचा वास पसरला होता. पहिली फेरी एका नवशिक्याशी होती. तो स्वतःच गोंधळला, आणि दादा दोन तुकडे पाडून जिंकला. बाहेर येताना मात्र त्याच्या कपाळाला आठी होती.

"तारांना ओढ नाही गं. ढिल्या लागताहेत."

"प्लग असेल. बदलते."

तिने चांगला प्लग काढून दुसरा चांगला प्लग लावला. प्रोपेलर पुसला, पुन्हा पुसला. "पाणी घेतोस? बसतोस का जरा? टोपी घाल ना."

"तुला काय मुंग्या चावल्यात का आज?" दादा म्हणाला. "एका जागी उभी राहा पाहू."

दुसरी फेरी बेकरीवाल्याशी. हा उंच, शांत माणूस. भल्या पहाटे भट्टीपुढे उभा राहणारा, त्यामुळे धगीत आणि घाईत डोकं थंड ठेवायची सवय. शिट्टी झाली. दोन्ही विमानं उठली आणि विसाव्या सेकंदाला बेकरीवाला दादाच्या शेपटावर होता. दादा वळला, त्यानेही वळण घेतलं. दादाने गोता मारला, तोही मागोमाग. दादाच्या फितीचा एक तुकडा उडाला. मग दादाने सुटण्यासाठी नेहमीचा डाव टाकला. मनगट मागे ओढून विमान सरळ डोक्यावर चढवलं.

वर जाता जाता विमानाचा जोर सरला. धाकटीच्या कानाला ते सगळ्यात आधी कळलं. तारा, ज्या ताठ असतात म्हणूनच विमान ऐकतं, त्या हवेत सैल झाल्या, लोंबल्या. दादाने मनगट हलवलं ते फुकट गेलं. विमान आता कुणाचंच नव्हतं. ते तोंड खाली करून, इंजिन किंचाळत, दोघा माणसांच्या दिशेने येऊ लागलं.

दादा भरभर मागे धावला. मोकळ्या हाताने त्याने बेकरीवाल्याच्या सदऱ्याला धरून त्यालाही खेचलं. विमान बेकरीवाल्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर जमिनीत घुसलं.

धाकटी धावत पोचली तेव्हा दादा गुडघ्यांवर बसला होता. "चक्कर आली? दादा, आडवा हो, आडवा हो आधी!"

दादाला काही झालं नव्हतं. तो मोडक्या विमानातलं इंजिन बघत होता. हवा ओढायच्या तोंडावरची माती त्याने फुंकरीने उडवली. आत नवीकोरी कड चकाकली.

"हे काय आहे?"

तिने इंजिन घ्यायला हात पुढे केला.

"मी विचारतोय, हे काय आहे?"

"मीच घातलंय. जरा हळू उडावं म्हणून. तुला चक्कर येते ना..."

"कोणी सांगितलं?" मग त्याचं त्यालाच कळलं. "अच्छा. घरातूनच बातमी फुटली." तो अगदी सावकाश उभा राहिला. "डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदललीय. बसलेला झटकन उठलो की अंधारी येते. पंधरा दिवस दमाने उठा म्हणालेत. इथे मी काय बसून विमान उडवतो?"

"मला नाही सांगितलंस."

"तू विचारलंस?"

दादाचा आवाज चढला नाही, हे तिला जास्त लागलं.

"मी वर चढवलं ते इंजिनात जोर आहे म्हणून. तू सांगितलं असतंस तर मी तो डाव टाकलाच नसता. आणि हे," त्याने जमिनीतल्या खड्ड्याकडे बोट केलं, "त्या भल्या माणसाच्या डोक्यात गेलं असतं. आधी त्याला जाऊन सांग. मग दुसरं विमान काढ."

बेकरीवाला खुर्चीत बसून आपला बूट न्याहाळत होता. धाकटीने सगळं सांगितलं, काही न गाळता. त्याने ऐकून घेतलं, बुटावरची माती झटकली. मग म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत. माझ्या बायकोला मात्र सांगू नका, नाहीतर उद्यापासून मी फक्त पावच भाजेन."

तिने इंजिन उघडलं, माती धुतली, बुश ठोकून काढला आणि इंजिन दुसऱ्या विमानावर चढवलं. सुई उघडली, प्रोपेलरला झटका दिला, कान लावून थोडी मिटली, अजून थोडी. मग दादाकडे वळून तिने प्रथमच सरळ विचारलं, "पूर्ण जोर आहे. पेलेल ना?"

"पेलेल," दादा म्हणाला. "नाही पेललं तर आधीच हात वर करीन."

तिसऱ्या फेरीत समोर एक तरुण दंतवैद्य बाई होती. त्या चार मिनिटांत धाकटीने विमानाकडे पाहिलंच नाही. तिची नजर दादाच्या पायांवर होती. पाय ठाम होते. तारा इतक्या ताणल्या होत्या की वळणावर सूं सूं वाजत. दंतवैद्य बाईने तीन तुकडे पाडले, दादाने दोन. त्यात कुणाचा दोष नव्हता, ती सरस खेळली. दादाने तिचा हात हातात घेऊन तिला मनापासून शाबासकी दिली.

दोन हारी झाल्या होत्या. आवराआवर चालली असताना दंतवैद्य बाईचा मेकॅनिक आला. "ताई, आमच्या इंजिनाचा पिस्टन जरा घासून द्याल? तुमच्या हाताचं नाव ऐकलंय."

"देईल की," पेटी बंद करता करता दादा म्हणाला. "फक्त काम झाल्यावर आत डोकावून बघा. ही सगळंच सांगते असं नाही."

मेकॅनिक हसला. धाकटीनेही हसायचा प्रयत्न केला, पण हसू काही आलं नाही. दादा हीच थट्टा अजून पुष्कळदा करणार, आणि थट्टेतला काटा बोथट व्हायला वेळ लागणार, हे तिला कळत होतं. तिने मेकॅनिकच्या हातातलं इंजिन घेतलं, प्रोपेलर बोटाने फिरवून पाहिला आणि म्हणाली, "पिस्टन ठीक आहे तुमचा. बेअरिंग गेलंय."