बिननावाच्या फाइली

गडहिंग्लजचा अमरेश कागलच्या एमआयडीसीत, हंबीररावांच्या फाउंड्रीत, सात वर्षं एकटाच प्रोग्रॅमर होता. त्याच्या जावा भाषेतल्या प्रोग्रॅममधनं तपासणीचा दाखला निघाला, तरच कास्टिंगचा ट्रक गेटबाहेर पडायचा. दोन हजार सातच्या मार्चात गड्याला बंगळुरात नोकरी लागली. बायको शांभवी तिथंच बँकेत आणि तीन वर्षांची लेक तिच्यापाशी. महिन्यातनं एकदा येणाऱ्या बापाला बघून पोरगी आईमागं लपायची. हे त्याच्या जिवाला फार लागायचं.

एक एप्रिलला तिथं हजर व्हायचं होतं. हंबीररावांनी नव्या अनुजाला कामावर घेतलं आणि अट घातली, की हिच्या हातनं नव्या नमुन्याचा दाखला निघाला की सोडल्याचं पत्र मिळंल.

अनुजा रीतसर शिकलेली. तिनं नवं पॅकेज, म्हणजे फाइली ठेवायची नावाची खोली, केलं, फाइलीच्या डोक्यावर पॅकेजचं नाव लिहिलं आणि अमरेशचे क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचे एकेका फाइलीतले तुकडे, आत बोलवायला गेली. लिहिलेलं तपासून जुळवणारा कंपायलर म्हणाला, असं कुणी नाहीच! बघते तर काय, दोनशे बारा क्लास आणि एकाच्याही डोक्यावर पॅकेजची ओळ नाही. वैरण, खत, बियाणं, सगळं एकाच खोलीत कोंबावं तसं. त्या बिननावाच्या क्लासांचं आपसात चालायचं झ्याक. नाव असलेल्या पॅकेजातनं मात्र त्यांना हाकच मारता येत नाही, भाषेचा नियमच तसा.

मग अमरेशनं एकेकाला नाव द्यायला घेतलं. पण ज्याला नाव दिलं, त्याला मागचे बिननावाचे सोबती मिळेनात. एक उचलला की चाळीस मोडायचे. वर सगळ्यांना लागणारे आकडे ज्यात कोंबले होते, तो सहा हजार ओळींचा एक क्लास तपासणीच्या यंत्रांतही बिननावानंच नोंदलेला, तो जागचा हलेना. दोनदा दाखले अडले, ट्रक गेटवर उभे राहिले आणि हंबीरराव सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं बोलले. शेवटी अनुजा म्हणाली, नव्यानंच लिहावं लागेल, वर्ष तरी जाईल.

तीस मार्चला अमरेश हंबीररावांपुढं उभा राहिला.

“साहेब, हे मी मुद्दाम केलंय. भट्टीवरच्या केरबानं सगळं काम दुसऱ्याला शिकवलं आणि महिन्यात तुम्ही त्याला काढलंत. माझं तसं होऊ नये म्हणून मी कुणाला कळेल असं ठेवलंच नाही.”

हंबीरराव शांतपणे चहा पीत राहिले.

“मला ठावं हाय की. म्हणून तर सात वर्षं निवांत हुतो. ह्यो कुठं जातोय!”

अमरेश शरमेनं आणि रागानं बाहेर आला. त्यानं शांभवीला फोन लावला. ती म्हणाली, पोरीला सांगितलंय बाबा येणार म्हणून, आता तूच सांग. पण पोरगी फोनवर येईना.

तेवढ्यात अनुजा दारात आली. ट्रक भरून उभा होता, गिऱ्हाइकाला नव्या नमुन्याचा दाखला आजच पाहिजे होता आणि तिच्या पॅकेजातनं तो निघत नव्हता. अमरेश खुर्चीत बसला. जुने क्लास हाकेला यायचे तर एकच रस्ता होता. त्यानं नवी, दोनशे तेरावी फाइल उघडली, डोक्यावर पॅकेजची ओळ न लिहिता.

पाऊण तासात ट्रक गेला.